टेलिग्राम बॉट चोवीस तास चालू ठेवायचाय, मदत हवी आहे

खानापूरकर: बॉट सारखा बंद पडूलाय. लॅपटॉपवर नीट चालतो. पहाटे बेळगाव यार्डाला गाडी भरणारे भाव विचारतात, उत्तरच जात नाही. फुकट जागा सांगा, लवकर.

टिळकवाडी: आत्ता कुठं ठेवलाय? पोलिंग की वेबहूक, म्हणजे बॉट टेलिग्रामला विचारत राहतो की टेलिग्रामच बॉटला मेसेज पाठवतं? लॉगमध्ये काय येतं?

निपाणीकर: रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घे. त्याच्या सिस्टिमडीत रिस्टार्ट ऑलवेज टाक, बंद पडला की बॉट आपोआप चालू होतो. माझा दोन वर्षं चालूच आहे.

वडगाव_माग: पावसाळ्यात खानापुरात लाईट किती वेळा जाते? माझं एसडी कार्ड तशातच गेलं. पायला इन्व्हर्टर, राउटरलाही इन्व्हर्टर, एवढा खर्च कशाला? हेरोकूवर, म्हणजे ऑनलाइन सर्व्हरवर टाक.

टिळकवाडी: हेरोकूचं फुकटचं 28 नोव्हेंबर 2022 लाच बंद झालं.

खानापूरकर: पायथन आहे, पोलिंग. एका फुकट वेब सर्व्हिसवर टाकलाय. लॉगमध्ये काहीच नाही. बटाटा आणि रताळ्याचा भाव सांगतो, एवढंच काम. कोड जोडलाय.

वडगाव_माग: कोडमध्ये टोकन, म्हणजे बॉटची चावी, उघडं आहे! आधी ते खोड, टेलिग्रामच्या बॉटफादरकडून रिव्होक (रद्द) करून नवीन घे. बाकी सगळं नंतर.

चिकोडीचा: भाव कन्नडमध्येही द्या की. आमच्याकडं बरेच शेतकरी कन्नडच वाचतात.

खानापूरकर: देतो, पण आधी चालू तर होऊ दे. टोकन बदललं.

टिळकवाडी: आता कळलं. फुकट वेब सर्व्हिसला काही वेळ बाहेरून विनंती आली नाही की ती झोपते, काही ठिकाणी 15 मिनिटांत. पोलिंगमध्ये बॉटच टेलिग्रामला विचारत राहतो, बाहेरून कोणी दार वाजवतच नाही. वेबहूक लाव, मेसेज आला की सर्व्हिस जागी होईल. मधले मेसेज टेलिग्राम 24 तास धरून ठेवतं.

निपाणीकर: पाय झोपतच नाही.

वडगाव_माग: लाईट गेल्यावर?

खानापूरकर: वेबहूक लावला. तपासायला लॅपटॉपवरही चालू केला, तिथं 409 कॉन्फ्लिक्ट अशी एरर येतेय.

टिळकवाडी: वेबहूक असताना पोलिंग चालत नाही. लॅपटॉपवरचा बंद कर.

खानापूरकर: केला. काकांना उत्तर गेलं, पण पन्नास सेकंदांनी. पहाटे गाडी उभी असताना कोण थांबेल ओ?

टिळकवाडी: मग जुना अँड्रॉइड फोन बघ. टर्मक्स ॲप टाकून त्यात बॉट चालव, फोन झोपू नये म्हणून वेकलॉक लाव, बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद कर. वेबहूक काढून पोलिंगच ठेव. सिमचा डेटा असला तर लाईट गेली तरी चालू राहील.

खानापूरकर: आईचा जुना आहे. स्क्रीन फुटलीय, टच निम्माच चालतो. जमेल?