मोटारीच्या टपावर दोन सायकली न्यायच्या आहेत. कॅरिअर कोणते घ्यावे?

प्रश्न

नमस्कार. माझी मोटार हॅचबॅक असून तिच्या टपाला रूफ रेल, म्हणजे कडेच्या लांब दांड्या, नाहीत. टपावरून दोन सायकली न्यायच्या आहेत. माझी रोड बाइक कार्बन फ्रेमची, साडेआठ किलोंची आहे. तिला डिस्क ब्रेक आणि पुढे १२ मिलिमीटरचा थ्रू-अ‍ॅक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा आस, आहे. पत्नीची सायकल अ‍ॅल्युमिनियमची, पंधरा किलोंची, आणि तिच्या दोन्ही चाकांवर लांब मडगार्ड आहेत. मला तीन प्रकारची कॅरिअर दाखवण्यात आली: पुढचे चाक काढून फोर्क (ते चाक धरणारा दुहेरी दांडा) अडकवण्याचे, फ्रेमची नळी जबड्यात पकडणारे आणि फ्रेमला न शिवता केवळ चाकांना धरणारे. मोटारीच्या पुस्तिकेत टपाची भारमर्यादा ५० किलो दिली आहे. दोन्ही सायकलींसाठी एकाच प्रकारचे कॅरिअर घ्यावे का आणि निवड करताना आधी काय तपासावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुम्ही भारमर्यादा आधीच पाहून ठेवलीत, हे फार चांगले केलेत, कारण बहुतेक जण कॅरिअर विकत घेऊन घरी आणल्यावर पुस्तिका उघडतात. मात्र या ५० किलोंत केवळ सायकली धरायच्या नाहीत. आडव्या पट्ट्या, म्हणजे क्रॉसबार, त्यांचे पाय आणि कॅरिअर या सर्वांचे वजन त्यातच मोडते. पट्ट्यांचे साधारण पाच किलो, दोन कॅरिअरचे मिळून आठ आणि सायकलींचे साडेतेवीस धरले, तर बेरीज साडेछत्तीस किलोंची होते. म्हणजे तुम्ही मर्यादेच्या बऱ्यापैकी आत आहात. पट्ट्यांची स्वतःची आणि प्रत्येक कॅरिअरची स्वतःची मर्यादाही वेगळी असते, आणि या सर्वांत जी सर्वांत कमी असेल तीच पाळायची असते.

आता टपाबद्दल. रेल नाहीत म्हणून सोयच नाही, असे समजू नका. दाराच्या वरच्या कडेपाशी, टपावरील लांब पट्टीत किंवा दार उघडल्यावर चौकटीत, लहान झाकणे दिसतात का ते पाहा. काही मोटारींत त्यांच्याखाली पट्टीचे पाय बसवण्यासाठी कारखान्यातच आटे केलेले असतात. तसे काही नसेल, तर दाराच्या चौकटीला आकड्याने धरणारे पाय घ्यावे लागतील. हे आकडे मोटारीच्या मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असे सांगून विकला जाणारा संच मी तरी घेणार नाही. दोन पट्ट्यांमधील अंतर संचाच्या पत्रकात दिलेले असते आणि ते टेपने मोजूनच ठेवावे. पाय टेकतात ती जागा ओल्या फडक्याने नीट पुसून घ्या, कारण रबराखाली वाळूचा एक कण राहिला तरी गाडीच्या हादऱ्यांनी तो रंग खरवडत राहतो.

प्रतिसाद २

दोन्ही सायकलींसाठी एकच प्रकार घेण्याचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्बनची नळी लांबीच्या दिशेने येणारा ताण उत्तम पेलते, पण जबड्याने दोन बाजूंनी दाबली तर तिला आतून तडा जाऊ शकतो आणि वरचा रंग शाबूत असल्यामुळे तो दिसतही नाही. त्यामुळे तुमच्या सायकलीसाठी नळी पकडणारे कॅरिअर मनातून काढून टाका. उरले दोन प्रकार. फोर्क अडकवण्याच्या प्रकारात सायकल थोडी खाली बसते, कमी डुलते आणि कॅरिअरही वजनाला हलके असते; पण अ‍ॅक्सलचे माप तंतोतंत जुळावे लागते. रोड बाइकला बहुधा १२ × १०० मिलिमीटरचा, तर माउंटन बाइकला १५ × १०० किंवा १५ × ११० मिलिमीटरचा थ्रू-अ‍ॅक्सल असतो, म्हणून योग्य अडॅप्टर मिळतो याची खात्री करा. काढलेले चाक गाडीच्या आत ठेवावे लागेल, हेही लक्षात असू द्या.

या प्रकाराबाबत एक गोष्ट मी स्वतः भोगलेली आहे. डिस्क ब्रेकच्या सायकलीचे पुढचे चाक काढले होते आणि ती टपावर चढवताना माझ्या हातून ब्रेकचा दांडा दाबला गेला. दोन्ही पॅड एकमेकांना येऊन चिकटले आणि मुक्कामी पोहोचल्यावर त्यांच्यात डिस्क शिरेना. टायर काढण्याच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने ते हळूहळू मागे ढकलण्यात अर्धी सकाळ गेली. तेव्हापासून चाक काढताच पॅडच्या फटीत प्लॅस्टिकचा स्पेसर घालतो.

पत्नीच्या सायकलीला चाकांना धरणारे कॅरिअर सोयीचे नाही, कारण त्याचा आकडा टायरवर घट्ट बसायला हवा आणि लांब मडगार्ड नेमके तिथेच आडवे येते. अ‍ॅल्युमिनियमच्या त्या फ्रेमसाठी नळी पकडणारे कॅरिअर योग्य. फक्त ठरावीक दाबानंतर मूठ आपोआप सैल फिरते, अशी सोय असलेलेच घ्या. आणखी एक, दोन सायकलींची तोंडे विरुद्ध दिशांना ठेवा, म्हणजे हँडल एकमेकांत अडकणार नाहीत.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांत उंचीचा उल्लेख राहिला, म्हणून लिहितो. दीड मीटर उंचीच्या मोटारीवर सायकल चढली की एकूण उंची सहज अडीच मीटरच्या वर जाते, आणि दिवसभर गाडी चालवल्यावर ती आपल्या लक्षात राहत नाही. माझ्या भावाने परतीच्या प्रवासात, अगदी घराजवळ, तळघरातील पार्किंगच्या तुळईवर सायकल आदळली. सायकलीची सीट तर गेलीच, पण धक्का पट्टीतून खाली उतरला आणि टपाच्या पत्र्याला पोचा आला. सायकली चढवल्यावर जमिनीपासून सर्वांत उंच टोकापर्यंतचे माप घ्या आणि ते कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा.

वेगाचेही भान ठेवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १२० वर गेलात की तो सव्वादोन पट होतो आणि तो सारा ताण त्या चार पायांवर येतो. सायकलीवर कापडी आच्छादन घालू नये, ते शिडासारखे फुगते. बाटल्या, पंप आणि पिशव्या आधीच काढून घ्याव्यात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दाराची चौकट तपासली. झाकणे नाहीत, त्यामुळे माझ्या मॉडेलचा आकड्यांचा संच मागवत आहे. माझ्या सायकलीसाठी फोर्कचे आणि पत्नीच्या सायकलीसाठी जबड्याचे कॅरिअर घेण्याचे ठरवले आहे. एक शंका राहिली: सर्व बांधून झाल्यावर ते पुरेसे घट्ट आहे, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद १

सायकलीची फ्रेम दोन्ही हातांनी धरून आडवी हलवा. सायकलीबरोबर संपूर्ण मोटार डुलली पाहिजे. सायकल एकटी हलली, तर कुठेतरी सैल आहे. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून हेच पुन्हा करा, कारण रबर दबून बसल्यावर पट्टे आणि आकडे थोडे ढिले पडतातच. त्यानंतर प्रत्येक विश्रांतीच्या वेळी सायकलींवर एकदा हात फिरवला की पुरे.