दात्याचं काय?

वरती एका दादांनी लिहिलंय, ट्रान्स बाईला (जन्माच्या वेळी मुलगा ठरवलेली, पण बाई म्हणून जगणारी) गर्भाशय बसवणं म्हणजे निसर्गाशी खेळ, त्यापेक्षा दत्तक घ्या. अहो, भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण मे २०१७ मध्ये पुण्यात झालं, ती लेक आपल्या सोलापूरचीच. गर्भाशय दिलं तिच्या आईनं. तेव्हा तिला कोणी 'दत्तक घे' म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही!

माझी अडचण वेगळी आहे. किडनीसारखं हे जीव वाचवणारं ऑपरेशन नाही. देणाऱ्या बाईच्या पोटात गर्भाशयाच्या बारीक शिरा मूत्रवाहिनीला बिलगून असतात, त्या सोडवण्यातच तासन् तास जातात. घेणारीला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या, सिझेरियन, आणि एक-दोन मुलं झाली की गर्भाशय परत काढायचं. ट्रान्स बाईच्या बाबतीत ओटीपोटाची ठेवण वेगळी, हार्मोन बाहेरून. १९३१ मध्ये लिली एल्बे ही डेन्मार्कची ट्रान्स चित्रकार जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गर्भाशय बसवण्याच्या अशाच प्रयत्नानंतर वारली, पण तेव्हा आजची औषधं नव्हती.

धोका जास्त म्हणून डॉक्टर थांबले तर पटतं. 'ती खरी बाई नाही' म्हणून नको. सरोगसीचा २०२१ चा कायदाही विवाहित जोडपं, विधवा, घटस्फोटित एवढ्यांचाच विचार करतो. ट्रान्स बाईनं जायचं कुठं?

आणि एक, काही ट्रान्स पुरुष (जन्माच्या वेळी मुलगी ठरवलेले, पण पुरुष म्हणून जगणारे) गर्भाशय काढूनच घेतात. ते दान करता येईल, फक्त त्यासाठी त्यांचं ऑपरेशन नेहमीपेक्षा मोठं होतं. त्याला ते मनापासून तयार आहेत का, हे आधी विचारायला हवं.