ईस्टरची तारीख: आकाशातली पौर्णिमा की चर्चची?

चांदणवेल: वसंतसंपातानंतरची (मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखे होतात, त्यानंतरची) पहिली पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, बरोबर? मग २०१९ चं काय? भारतीय वेळेनुसार २१ मार्चला पहाटे साडेतीनच्या सुमारास संपात, सकाळी सव्वासातला पौर्णिमा. ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता, झाला २१ एप्रिलला. चर्चला खगोलशास्त्राचं वावडं आहे का?

गणितमास्तर: वावडं अजिबात नाही. नियमातला संपात आकाशातला नव्हे, तो कायमचा २१ मार्च. पौर्णिमाही १९ वर्षांच्या चक्रावर बसवलेल्या कोष्टकातली. २०१९ मध्ये ती २० मार्चला पडली, म्हणजे एक दिवस आधी. म्हणून पुढची धरली, १८ एप्रिलची.

कागद घेऊन करून बघा (१९०० ते २१९९ साठी). सालाला १९ ने भागून बाकी काढा. तिला १९ ने गुणून २४ मिळवा, ३० ने भागा. जी बाकी उरेल तितके दिवस २१ मार्चच्या पुढे मोजा, ती चर्चची पौर्णिमा. त्यानंतरचा रविवार ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर त्याच्या पुढचा.

२०२६: बाकी १२. २२८ + २४ = २५२, बाकी पुन्हा १२. पौर्णिमा २ एप्रिल, गुरुवार. ईस्टर ५ एप्रिल. आपली हनुमान जयंतीही २ एप्रिललाच, म्हणजे कोष्टक काही हवेत नाही.

घोळ होतो तो इथे: दुसरी बाकी २९ आली तर २८ धरायची, २८ आली आणि पहिली बाकी १० पेक्षा मोठी असेल तर २७. हे विसरलात तर १९८१ चा ईस्टर १९ एप्रिलऐवजी २६ ला येतो. घाईत लिहिलेले प्रोग्रॅम इथेच आपटतात.

मेरिडियन: कोष्टक का, तेही बघा. पौर्णिमा हा एक क्षण असतो. २०१९ चा तोच क्षण न्यूयॉर्कात २० मार्चच्या रात्री पावणेदहाला होता. खरं आकाश धरायचं तर कुठल्या गावचं, हे आधी ठरवावं लागेल.

आणि मोजमाप चर्चनेच करवून घेतलं. जुलियन (तेव्हाच्या जुन्या कॅलेंडरचं) वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं, म्हणून १२८ वर्षांत संपात एक दिवस मागे घसरायचा. १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर केला, त्यामागे इटालियन वैद्य लिलियस आणि जेझुइट (एका कॅथलिक संघाचा) धर्मगुरू क्लाव्हियस यांचं गणित. पुढे १६५५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने छताला, जमिनीपासून २७ मीटर उंचीवर, भोक ठेवून फरशीवर ६७ मीटरची रेषा आखली. माध्यान्हीला सूर्याचा ठिपका तिच्यावरून सरकतो. तो कुठे पडतो यावरून संपात काढायचा. गॅलिलिओला चर्चकडून शिक्षा होऊन तेव्हा २२ वर्षं झाली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, सोयीची एकच उचलू नये.

चांदणवेल: आणि ऑर्थोडॉक्सांचा (रशिया, ग्रीस वगैरे पूर्वेकडच्या चर्चेसचा) ईस्टर वेगळा का?

गणितमास्तर: बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चेस १५८२ च्या आधीचं, जुलियन कोष्टकच वापरतात. वरच्या रीतीत २४ ऐवजी १५ घ्या (अपवाद लागत नाहीत) आणि उत्तरात १३ दिवस मिळवा (२०९९ पर्यंत). २०२६ ला पौर्णिमा येते ६ एप्रिल, खऱ्या चंद्राच्या चार दिवस मागे. म्हणून ईस्टर १२ ला.

मेरिडियन: १९९७ मध्ये सीरियातल्या अलेप्पोत वेगवेगळ्या चर्चेसच्या बैठकीत तोडगा निघाला होता: जेरुसलेमचं रेखावृत्त धरून खरा संपात, खरी पौर्णिमा. २००१ पासून लागू करायचा होता. झाला नाही. अडलं ते गणितापाशी नव्हे.