मदत हवी आहे: छोट्या घरासाठी डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) कुठला घ्यावा?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याला राहतो, वन बीएचके, तळमजला, मागे कुळागर (सुपारी-नारळाची बाग). पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवरही बुरशी येते. मुलीला सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते. डॉक्टरांनी धुळीतले सूक्ष्म किडे आणि बुरशी यांची अ‍ॅलर्जी सांगितली; घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा म्हणाले. आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर आणला, तर तो ८५ दाखवतोय!

बेडरूम साधारण १२० चौरस फूट. स्वस्तातली अर्धा लिटरवाली छोटी यंत्रं इथल्या पावसापुढे खेळणीच वाटतात, म्हणून कॉम्प्रेसरवालं बघतेय. पण '१२ लिटर' म्हणजे ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत दिवसाला ओढलेलं पाणी, असं कळलं. मग प्रत्यक्षात किती निघतं? १२ पुरेल की २० घेऊ? रात्री आवाजाने झोपमोड होते का? खोली तापते म्हणतात, तेही खरं का? टाकी सारखी ओतायची नसेल तर नळी बाथरूमात सोडता येते ना? आणि वीजबिल?

एसीचा ड्राय मोड सुचवू नका, एसी नाहीये. गोव्यात किंवा कोकणात दोनेक पावसाळे यंत्र वापरलेल्यांनी सांगितलं तर बरं. दुरुस्ती इथेच होते का, तेही कळवा.