आईचा टीएसएच खाली येईना, त्यात पाय दुखताहेत - मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही चोपड्याचे, आई ५६ वर्षांची. थायरॉईडची गोळी दीड वर्षापासून चालू आहे, आधी ५० ची होती मग ७५ ची केली, तरी परवाच्या रिपोर्टला टीएसएच (थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारं हार्मोन) ११.४ म्हणजे आधीपेक्षा वाढलाच, आता डॉक्टर १०० करू म्हणताहेत. गोळी एक दिवस चुकत नाही, मीच आणून देतो.

त्रास म्हणाल तर थकवा, पोट साफ होत नाही, कंगव्यात केसांचा गुंता निघतो, रात्री हाताला मुंग्या आल्या की हात झटकत उठून बसते. आणि थंडी! मे महिना, बाहेर ४४ डिग्री, आम्ही कूलरला चिकटलेलो आणि ही गोधडी घेऊन "पंखा बंद कर रे, माले थंडी वाजी ऱ्हायनी". त्यात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं म्हणून तीन महिन्यांपासून रात्री स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) चालू आहे, तेव्हापासून मांड्या-पोटऱ्या इतक्या दुखतात की जिन्यात कठडा धरून थांबते. शेजारच्या काकू म्हणतात ती गोळी बंदच करा. हे थायरॉईडचं का गोळीचा साइड इफेक्ट? गुडघ्यांसाठी कॅल्शियम पण आहे, सकाळच्या सगळ्या गोळ्या चहासोबत एकदमच घेते म्हणजे विसरायला नको.

प्रतिसाद: दादा, तुमचं शेवटचं वाक्य परत वाचा. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत, चहा निदान अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट अंगी लागत नाही, माझ्या बायकोचं हेच झालेलं. डोस वाढवायच्या आधी डॉक्टरांना हे सांगाच, वेळ पण सुधारली आणि डोस पण वाढला तर मग छातीत धडधड, हात थरथर सुरू. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा. थायरॉईड कमी पडला की कोलेस्टेरॉल वाढू शकतं, मुंग्याही येऊ शकतात, आणि अशा वेळी स्टॅटिनने स्नायू दुखण्याची शक्यता जास्त. पण काकूंच्या सांगण्यावरून बंद करू नका, डॉक्टरांना सीपीके टेस्टचं (स्नायूंना इजा होतेय का ते सांगणारी रक्ततपासणी) विचारा. लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

धागाकर्ता: अरे देवा, चहाचं आम्हाला कोणी विचारलंच नाही. लघवी ठीक आहे. आईला सांगितलं तर म्हणे आधी चहा, मग तुझी गोळी. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर दिलं तर चालेल ना?