गल्ली नं. ५, धुळे, प. खा. : तुमच्याही आठवणी लिहा

पांझराकाठ

परवा आईकडचं जुनं घर रिकामं करायला गेले होते. माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेलं आजीचं खापर, पोळी भाजायचं मातीचं भांडं, निघालं. काठाला चीर गेलेली, तिच्याभोवती तांब्याच्या तारेचा वेढा. आतल्या बाजूने बोट फिरवलं तर बोट काळं झालं. इतक्या वर्षांची काजळी! फुटू नये म्हणून आत जुनी पत्रं कोंबलेली होती. त्यातलं एक पोस्टकार्ड सरळ केलं तर आजोबांच्या नावाखाली एवढाच पत्ता : गल्ली नं. ५, धुळे, प. खा.

माझ्या मुलीने विचारलं, प. खा. म्हणजे काय? मी तिथेच पायरीवर बसले आणि सांगत सुटले. १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले, पूर्व खानदेश जळगावला आणि पश्चिम खानदेश धुळ्याला. ते प. खा. मग ती म्हणाली, गल्लीला नाव का नाही, नुसता नंबर का? आजोबांनी मला सांगितलं होतं तेच तिला सांगितलं. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्जकडे दिला आणि त्याने ठाणं म्हणून धुळं निवडलं. १८१९ साली गावात ४०१ घरं आणि २५०९ माणसं, बस्स. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पाट, मधे बागायत. ब्रिग्जने नवी पेठ आखली, व्यापाऱ्यांना घरासाठी जागा बिनभाड्याने दिल्या, बांधकामाला उचल दिली, लांबून कारागीर आणवले. रस्ते सरळ, गल्ल्या एकमेकींना समांतर. म्हणून आमच्याकडे आजही माणूस पत्ता नंबरातच सांगतो.

आखणी साहेबाची, पण गल्ल्या भरल्या आपल्या लोकांनी. पत्त्यातल्या त्या सरळसोट गल्लीत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधले जायचे, कानबाई देवीची गाणी रात्रभर चालायची, आणि ओट्यामागच्या चुलीवर आजी या खापरावर पुरणाची पोळी टाकायची. लोक आग्रा रोडने नाशिकहून इंदूरला जाताना धुळं बायपासवरून बघतात. मला मनापासून वाटतं की गाडी आत वळवावी. एक दिवस तरी द्यावा या गावाला.

ज्यांचं बालपण, माहेर, नोकरी, सासर, काहीही धुळ्यात किंवा आसपास गेलंय त्यांनी लिहा. चार ओळी लिहिल्या तरी चालतील.

खानदेशी_सून

खापर म्हटल्यावर राहवलं नाही. मी साताऱ्याची. लग्नानंतर पहिली आखाजी. सासूबाईंनी कणकेचा उंडा हातात दिला तर तो बोटांमधून ओघळायला लागला, इतकी सैल. आमच्याकडची पोळी पोळपाटावर लाटतात, ही हातावर. उंड्यात पुरण भरायचं, थोडी लाटायची, मग दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि उलट्या खापरावर अलगद सोडायची. माझी पहिली पोळी सोडताना मधोमध फाटली. रडूच आलं. सासूबाई म्हणाल्या, "फाटनी ते फाटू दे माय, पुरन वाया जावाले नको." आणि ती फाटकी पोळी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली, वरून तूप, शेजारी आमरसाची वाटी. त्या जाऊन सहा वर्षं झाली. आता कोपरापर्यंत पोळी येते माझी, बघायला त्या नाहीत.

भो_धुळेकर

गल्ली नं. ४ हजर 🙏

पांझराकाठ

@खानदेशी_सून डोळ्यात पाणी आणलंत. @भो_धुळेकर ४ मधे कुठे? दगडी ओट्यांच्या बाजूला का?

भो_धुळेकर

हो ताई ओट्यांच्या बाजूलाच. दुकानात आहे, रात्री लिहितो

मोगलाईकर

आम्ही जुन्या धुळ्याचे. ब्रिग्ज यायच्या आधीपासूनचे, हे आमचे वडील फार अभिमानाने सांगायचे. पांझरेला पूर आला की मोठ्या पुलावर बघायला जायचं हा आमचा सणच. पण नदीबद्दल कोणी बोलत असेल तर फड सांगायलाच हवा. पांझरेवर शेकडो वर्षं छोटे बंधारे आहेत, त्यातून पाट निघतो. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडतात आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी पाटकरी सोडतो, शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. माझे आजोळचे आजोबा पाटकरी होते. रात्री दोनला कंदील घेऊन निघायचे. कोणाचंही शेत कोरडं राहिलं तर त्यांना जेवण जात नसे. विश्वेश्वरय्या १८८४ साली नोकरीला लागले तेव्हा पहिली कामगिरी याच भागात, पांझरेजवळ सायफनने पाणी पलीकडे न्यायचं काम. तेवीस वर्षांचा पोरगा होता तेव्हा. शाळेत हे कोणी शिकवलं नाही, मला आजोबांनी सांगितलं.

वाचनवेडा_देवपूर

इतिहासाच्या ओढीने येणार असाल तर राजवाडे संशोधन मंडळ चुकवू नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायी फिरून दप्तरं गोळा करत, शेवटी धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच गेले. पुढच्याच महिन्यात गावाने त्यांच्या नावाने मंडळ काढलं. मी कॉलेजात असताना तिथे बसून मोडीची अक्षरं लावायला शिकलो. कागद हातात घेताना श्वास रोखून घ्यायचो, इतका तो विरलेला असे. समर्थ वाग्देवता मंदिर तसंच, शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी हस्तलिखितं जमवली ती तिथे आहेत. एका जिल्ह्याच्या गावात एवढा ठेवा! आणि जेल. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी गीतेचा एक अध्याय, अठरा रविवार. समोर साने गुरुजी बसून ते उतरवून घेत होते, म्हणून ती प्रवचनं आपल्या हाती आली. त्या भिंतीवरून सायकलने जाताना वडील दर वेळी सायकलवरून उतरत आणि चालत जात. कारण विचारलं नाही कधी. मोठं झाल्यावर कळलं.

मिरचीठेचा

सगळं खरं पण शेवभाजीचं कोण बोलणार 😋

केळीवाला_रावेर

शेवभाजी जळगाव जिल्ह्याची. विषय संपला.

मिरचीठेचा

कुठे संपला भो! धुळ्याच्या ढाब्यावर ये. कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजलेलं, काळा मसाला, वर बोटभर तर्री, आणि जाड शेव ताटात वाढताना टाकायची. आधी टाकली की लगदा होतो.

केळीवाला_रावेर

शेव शेवटी टाकायची हे बरोबर. एवढं मान्य. भरीत मात्र आमचंच, हिरवी वांगी तुरीच्या काड्यांवर भाजलेली. त्यावर वाद नको

मिरचीठेचा

भरीत तुमचं. दिलं. सोबत कळण्याची भाकरी आमच्या आईच्या हातची

पुण्यात_स्थायिक

कळण्याची भाकरी कशी करतात? ज्वारीत उडीद किती?

खानदेशी_सून

आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद, सालासकट, दळतानाच मीठ. काहीजण उडीद जास्त घेतात. गरम असतानाच खा, ठेचा आणि कच्चं तेल.

रेल्वेवाल्यांची_लेक

धागा धुळ्याचा आहे तरी भुसावळचं लिहिते, कारण इंग्रजांनी वसवलेलं म्हटलं की मला आमची रेल्वे कॉलनीच आठवते. जीआयपी रेल्वे आली म्हणून गाव वाढलं. दगडी क्वार्टर, उंच छत, मागे चिंच. वडील लोको शेडमधे. ड्युटीवरून आले की हातांना ऑइलचा वास, तो साबणाने जायचा नाही, आणि आई त्याच हातांवर पहिली गरम बट्टी ठेवायची. तुपात बुडवलेली. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. आता मी ठाण्यात ओव्हनमधे बट्ट्या करते. मुलं आवडीने खातात.
चाळीसगाव-धुळे गाडीने मामाकडे जायचो. १९०० सालची लाईन ती. शिरूड आलं की मामा दिसायला लागायचा असं वाटायचं, खरं तर अजून स्टेशन यायचं असे.

केळीवाला_रावेर

ताई भुसावळला कोणत्या शाळेत होतात? माझी बायको पण रेल्वे कॉलनीतली

रेल्वेवाल्यांची_लेक

मेसेज करते दादा

कानबाईची_लेकरं

कानबाईचं मी सांगते, ताईंनी नुसता उल्लेख केला. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. आठवडाभर आधीपासून घर सारवायचं, पितळी भांडी चिंचेने घासायची (आमचा हंडा सोनगीरचा, आईच्या लग्नातला, तो घासायचा मान माझा). मग रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे. मुंबईला, सुरतेला, कुठेही असो, त्याच्या नावाची मूठ पडते. माझा थोरला भाऊ सैन्यात होता. तीन वर्षं त्याला सुट्टी नाही मिळाली. आई त्याची मूठ मोजताना हात थोडा जास्तच मोठा करायची. रोट घरच्यांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही, म्हणून त्याच्या वाटचा आम्ही सगळे मिळून खायचो आणि आई म्हणायची, "आते त्याना पोटमा गया." त्याच्या पोटात गेलं. सोबत खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर. परतताना कोणी बोलत नसे फारसं. लेक सासरी गेल्यासारखं वाटतं.

मोगलाईकर

माय, किती बरोबर लिहिलंस.

पुण्यात_स्थायिक

ऑक्टोबरात इंदूरला जाताना एक दिवस थांबणार आहोत, सोबत आईबाबा (बाबांचा गुडघा दुखतो). काय काय बघावं?

पांझराकाठ

सकाळी एकवीरा देवी, देवपुरात नदीकाठी. मग राजवाडे मंडळ, निवांत दोन तास ठेवा. दुपारी आग्रा रोड आणि पाच कंदील, तिथल्या गल्ल्या पायी फिरा, नंबर वाचत. आईंना काळा मसाला तिथेच घेऊन द्या. लळिंगचा किल्ला फारुकी काळातला, हायवेलगत आहे, पण चढ आहे, बाबांनी खालीच थांबावं. त्याच भागात लांडोर बंगला आहे. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली तिथे मुक्कामाला होते. ३१ जुलैला दरवर्षी लोक मोठ्या संख्येने येतात.

पुण्यात_स्थायिक

खूप आभार ताई. गुडघ्यासाठी तिळाच्या तेलाचा शेक सुरू आहे, कोणाला काही माहीत असेल तर सांगा

कानबाईची_लेकरं

एरंडाची पानं गरम करून बांधा, माझ्या सासऱ्यांना आराम पडतो. पण डॉक्टरांना दाखवाच.

भो_धुळेकर

आलो, दुकान बंद केलं. ताई तुमच्या घरासमोर पिठाची गिरणी होती का? निळं दार?

पांझराकाठ

होती!! रोटाचे गहू आम्ही तिथेच दळायचो. आधी जातं धुऊन घ्यायला लावायची आजी, गिरणीवाल्याला.

भो_धुळेकर

ती आमच्या काकांची. तुमच्या आजी ओट्यावर बसून राहायच्या दळण होईस्तोवर, दुसऱ्याचं पीठ मिसळू नये म्हणून. मी लहान होतो, मला रेवडी द्यायच्या. गिरणी आता नाही, दार आहे.

पांझराकाठ

दाराचा फोटो टाकाल का दादा? मुलीला दाखवायचाय.

भो_धुळेकर

उद्या सकाळी उजेडात काढतो. खापराचं काय करणार?

पांझराकाठ

ठरत नाहीये. चीर गेलेलं चालतं का चुलीवर? भीती वाटते.

खानदेशी_सून

तार काढू नका. आमचंही असंच होतं, आठ वर्षं चाललं. आच एकदम लावायची नाही, आधी नुसता धूर, मग हळूहळू. चूल आहे का तुमच्याकडे?

पांझराकाठ

चूल नाही. गच्ची आहे. विटा मिळतील.

खानदेशी_सून

तीन विटा पुरतात. कुठे राहता? मी नाशिकला, पंचवटीत.

पांझराकाठ

मी पण नाशिकलाच, सिडकोत!

खानदेशी_सून

मग रविवारी येते. कणीक मी घरून भिजवून आणते, चार तास मुरायला लागते. तुम्ही पुरण तेवढं करून ठेवा, आणि मुलीला सांगा बांगड्या काढून ठेव.