मदत हवी: पैसे मिळणाऱ्या क्लिनिकल ट्रायलमध्ये नाव कसं घालायचं? (आई आणि भाऊ दोघांसाठी)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आईला (वय ५८) सहा वर्षं झाली आमवात आहे, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मिरजेत दाखवतो, दर रविवारी मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, शिवाय एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) गोळी. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी तासदीड तास बोटं वळतच नाहीत, कणीक बाबाच मळून देतात. डॉक्टर म्हणाले आता बायॉलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं) इंजेक्शन सुरू करायला लागेल, आणि त्याचा खर्च ऐकून आम्ही तिघं गप्प बसून एसटीने घरी आलो. केसपेपरच्या खिडकीशी एक जण भेटला होता, तो म्हणाला की मोठ्या हॉस्पिटलात ट्रायल, म्हणजे माणसांवर औषधाच्या चाचण्या, चालतात, औषध फुकट आणि वर पैसे पण देतात.

हे घरी सांगितलं तर धाकट्या भावाने (२५, चाकणला कॉन्ट्रॅक्टवर होता, दिवाळीनंतर घरी बसलाय) लगेच मोबाईल पुढे केला. त्याच्या ग्रुपवर मेसेज आलेला, "हेल्दी मुलं पाहिजेत, अहमदाबाद, ४ दिवस, १२,००० रोख, जेवण फ्री, रजिस्ट्रेशन १,५००". तो बॅग भरायलाच बसलाय.

तर विचारायचं असं की ही ट्रायल शोधायची कुठे, आईला खरंच पैसे मिळतात का, भावाला जाऊ द्यावं का, आणि काही झालं तर जबाबदार कोण? इथे कोणी केलं असेल तर प्लीज सांगा. घरात मीच कमावता आहे, त्यामुळे चिडू नका, पैशाचा विचार करावाच लागतो.

रात्रपाळी:
१,५०० भरू नका. पहिलं हे काम करा, मग बाकीचं वाचा. ट्रायलमध्ये जायला कुणालाही एक रुपया द्यावा लागत नाही, मागतोय तो दलाल.

सीआरसी_ताई:
मी एका हॉस्पिटलमध्ये ट्रायल को-ऑर्डिनेटर आहे, नाव नाही सांगत. दादा, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घातल्यात.

आईंचं म्हणजे पेशंट ट्रायल. तिथे आजार असलेली माणसं घेतात, ट्रायलचं औषध, त्यासाठीच्या तपासण्या फुकट असतात आणि प्रत्येक व्हिजिटला येण्याजाण्याचा खर्च, कधी बुडालेल्या रोजाचे काही पैसे देतात. कमाई म्हणून बघाल तर निराश व्हाल. भावाचं म्हणजे हेल्दी व्हॉलंटियर, बहुतेक बीई स्टडी, म्हणजे जेनेरिक गोळी मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते का ते बघतात. तिथे वेळेचे आणि त्रासाचे पैसे मिळतात आणि किती द्यायचे ते एथिक्स कमिटीने (ट्रायलमधल्या माणसांचं हित बघणारी समिती) मंजूर केलेलं असतं, एजंटने ठरवलेलं नसतं.

शोधायचं सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची साइट आहे, २००७ पासून, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद करावी लागते. सगळं इंग्रजीत आहे त्यामुळे आईंना शेजारी बसवून तुम्हीच करा. सर्चमध्ये आजाराचं नाव टाका, जी यादी येईल त्यात रिक्रूटमेंट स्टेटस बघा, "ओपन टु रिक्रूटमेंट" असेल तेवढ्याच उघडा, बाकी सोडा. आत फेज (ट्रायलचा टप्पा), कुठली हॉस्पिटलं, वयाची अट, कोण चालतं कोण चालत नाही, एथिक्स कमिटीची परवानगी आणि मुख्य डॉक्टरांचा फोन-ईमेल सगळं असतं. सरळ त्या नंबरवर फोन करा, आम्ही उचलतो हो, उलट आम्हालाच पेशंट मिळत नसतात.

आणि एक आतली गोष्ट. आमवातात बायोसिमिलरच्या ट्रायल बघा. त्यात मूळ बायॉलॉजिक आणि नवीन कंपनीचं तेच इंजेक्शन यांची तुलना असते, कोणाला कुठलं ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं, पण चिठ्ठी कुठलीही निघाली तरी आईंना खरंच औषध मिळतं. अगदी नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये एका गटाला नुसतं पाणी, म्हणजे प्लासिबो, असू शकतं आणि कोणाला काय मिळालं ते डॉक्टरलाही माहीत नसतं. मेथोट्रेक्सेट शक्यतो चालूच ठेवतात.

ट्रायल संपली की इंजेक्शन थांबतं हे मात्र आत्ताच घरात बोलून घ्या. ट्रायलच्या २०१९ च्या सरकारी नियमात नंतरही औषध फुकट द्यायची तरतूद आहे, पण दुसरा उपाय नसेल आणि डॉक्टर नि एथिक्स कमिटी दोघांनी म्हटलं तरच, त्यावर विसंबून राहू नका. सहा महिन्यांनी बोटं वळायला लागलेली असताना औषध बंद झालं की पेशंट आमच्यावर चिडतात, आणि मला त्यांचा राग येत नाही.

जुना_वॉलंटियर:
भावासाठी लिहितो. मी तीन केल्यात, चौथी केली नाही.

आधी स्क्रीनिंग. वजन-उंची, ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी. मग बोलावलं की आदल्या संध्याकाळी चेक-इन, बॅग तपासतात, तंबाखूची पुडी निघाली की तिथूनच परत (आमच्या बॅचचा एक जण अशानेच गेला, बिचारा रात्रभर प्रवास करून आलेला). तोंडात नळी धरून दारूची टेस्ट. रात्रभर उपाशी, सकाळी हाताला व्हेनफ्लॉन (रक्त काढायला शिरेत ठेवतात ती नळी), गोळी गिळली की टॉर्च मारून जीभ वर करायला लावतात की गिळली का लपवली. पहिले काही तास दर पंधरा-वीस मिनिटांनी रक्त, जेवण चार तासांनी, ताट पूर्ण संपवायचं, नको म्हणायचं नाही. मग दोन-तीन दिवस पत्ते आणि टीव्ही. घरी जायचं, आठवड्याभराने परत तेच दुसऱ्या गोळीचं. पैसे शेवटी एकदम, मधेच सोडलं तर जेवढं केलं तेवढ्याचे. मेसेजमधले ४ दिवस एका फेऱ्याचे की दोन्ही फेरे मिळून, भावाला विचार त्याने ते विचारलंय का.

खरा धोका गोळीपेक्षा लोभाचा असतो. दोन स्टडींच्या मधे साधारण तीन महिने सोडायचे असतात, बऱ्याच ठिकाणी बोटाचे ठसे घेऊन तपासतात पण, तरी पोरं गाव बदलून खोटं बोलून लगेच दुसरीकडे शिरतात. एकाच्या अंगात आधीचं औषध असताना वर दुसरं, आणि हिमोग्लोबिन गेलेलं वेगळंच. एजंटला माणशी कमिशन असतं, त्याचं काय जातंय. मला तिसऱ्या वेळी पैसे दीड महिना उशिरा मिळाले आणि फोनवर जी भाषा ऐकली त्यानंतर बंद केलं.

तर्कटी:
म्हणजे गरिबांना गिनिपिग करायचं आणि वर सल्ले द्यायचे, छान. २००६ ला लंडनला काय झालं माहितीये का? सहा धडधाकट तरुणांना पहिल्यांदाच माणसात देत असलेलं औषध टोचलं, दीड तासाच्या आत त्रास सुरू झाला आणि शेवटी सहाही जण आयसीयूत.

सीआरसी_ताई:
माहितीये, टीजीएन १४१२ नावाचं औषध होतं ते. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवतात ते. ती फेज १ होती, माणसात पहिला डोस. भावाला ज्या बोलावतायत त्यात बहुतेक आधीच बाजारात असलेली औषधं असतात, फरक आहे, पण शून्य धोका असं मी कधीच म्हणणार नाही. आणि आपल्याकडे पण घोळ झालेत, म्हणून तर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सरकारचे कान उपटले.

म्हणूनच मूळ प्रश्नातलं "जबाबदार कोण" महत्त्वाचं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई स्पॉन्सरकडून, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीकडून. भरपाईचा फॉर्म्युला नियमांतच छापलाय, ८ लाख ही मूळ रक्कम धरून वय आणि आजाराच्या गंभीरपणाप्रमाणे कमीजास्त होते. गंभीर काही झालं तर डॉक्टरने २४ तासांत सरकारला, स्पॉन्सरला आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. हे सगळं संमतीपत्रात असतं आणि ते मराठीत मागायचा तुमचा हक्क आहे. सहीची एक प्रत घरी घेऊन या, त्यावर एथिक्स कमिटीचा नंबर असतो. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीची ट्रीटमेंट बंद होत नाही. "इथेच सही करा, वाचत बसू नका" म्हणाले तर चप्पल घालून निघा.

भावाला सांगा, सेंटरचं नाव आणि सीडीएससीओची (औषधांवर नियंत्रण ठेवणारं केंद्र सरकारचं खातं) नोंदणी विचार. एजंट टाळाटाळ करेल बघा.

रात्रपाळी:
आईंसाठी अजून एक. ट्रायलच्या मागे लागण्याआधी डॉक्टरांना टोफासिटिनिबबद्दल विचारलंत का? गोळी आहे, आपल्याकडे जेनेरिक मिळते, बायॉलॉजिकपेक्षा बरीच स्वस्त पडते. त्यांना चालेल का ते डॉक्टरच सांगतील. आणि धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायला लागतात, उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांनी अपडेट देतोय.

भावाने एजंटला सेंटरचं नाव विचारलं तर त्याने ग्रुपमधूनच काढून टाकलं. भाऊ माझ्यावर तीन दिवस रुसला, आता कुपवाड एमआयडीसीत जातोय, बघू किती टिकतो.

आईसाठी सीटीआरआयवर दोन ट्रायल उघड्या सापडल्या, पुण्याच्या एकीत फोन उचलला, ताई म्हणाल्या तसंच. बायोसिमिलरचीच आहे. फॉर्म मराठीत दिला, चौदा पानं, बाबांनी पेन घेऊन खुणा करत वाचला. स्क्रीनिंगला गाडीखर्च मिळाला, त्याची पावती पण दिली. पण टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणतात झोपलेला टीबी असेल, या इंजेक्शनने तो जागा होऊ शकतो, म्हणून आधी त्याची औषधं, मग परत बघू. आई म्हणते चला, फुकटात एवढं तरी कळलं. टोफासिटिनिबचं डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले त्यालाही आधी हेच करावं लागेल.

ताई, तोपर्यंत त्यांची भरती बंद झाली तर?

सीआरसी_ताई:
होऊ शकते. सीटीआरआयच्या रेकॉर्डवर किती पेशंट घ्यायचे तो आकडा लिहिलेला असतो, तो भरला की बंद. महिन्याला एकदा फोन करत राहा, आणि दुसरीचा नंबर पण जपून ठेवा. टीबीचा कोर्स मात्र ट्रायलसाठी नव्हे, आईंसाठी पूर्ण करा.